पेपर वाचायचा म्हणजे खुंटा हलवून पाहायचा

गेल्या आषाढात माझी भाची ३१ पानांचा एक संशोधन-पेपर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भर पावसात मुलुंडला माझ्याकडे आली. एम.एस्सी. गणिताचं दुसरं वर्ष, आणि सरांनी बजावलेलं की पुढच्या गुरुवारी यावर वर्गात बोलायचं. पिशवीतून कागद काढले तर पहिलं पान पिवळ्या हायलायटरने माखलेलं, दुसरं अर्धं माखलेलं आणि तिसऱ्यापासून पुढे कोरं करकरीत.

"मावशी, तीन दिवस वाचतेय गं. दुसऱ्या पानावरच बसलेय."

मी विचारलं, शेवटच्या पानावर काय आहे? माहीत नव्हतं. मुख्य प्रमेय कितव्या पानावर आहे? तेही नाही. शाळेतला धडा वाचावा तशी ती पहिल्या ओळीपासून निघाली होती. धडा आपल्याला समजावा म्हणूनच लिहिलेला असतो, म्हणून तिथे हे चालतं. पेपर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याच विषयातली मूठभर माणसं असतात आणि दोन-तीन परीक्षक. आपण त्या मुठीत नसतो. त्यामुळे समोरच्या दाराने आत जायचा हट्ट धरला की उंबऱ्यावरच बसावं लागतं.

मी फोर्टमधल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. माझी पीएच.डी. सेमीकंडक्टरमधली. पुतण्या कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये एम.टेक. करतोय, भाची शुद्ध गणितात. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की कुणालाच कुठे जायचं नसतं. मग तिघं आमच्या जेवणाच्या टेबलावर आपापले पेपर घेऊन बसतो. खाली जे सांगतेय ते त्या टेबलावरचं आहे. ज्यांनी नुकतंच संशोधनाकडे तोंड केलंय, एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष, त्यांच्यासाठी.

खुंटा हलवून बळकट करावा असं आपण म्हणतो. प्रत्येक पेपर अशा एखाद्या खुंट्याला बांधलेला असतो. तो कुठे ठोकलाय ते शोधायचं आणि हलवून पाहायचं, एवढंच वाचणाऱ्याचं काम. फक्त विषयागणिक खुंट्याची जागा वेगळी. गणितात तो प्रमेयाच्या अटीत असतो, सेमीकंडक्टरमध्ये मोजमापात आणि नेटवर्कमध्ये तुलनेत. हे मला कळायला बरीच वर्षं गेली, कारण कुणी सांगितलंच नाही.

पहिली फेरी मात्र तिन्ही विषयांत सारखीच. हातात पेन नको. शीर्षक, सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, विभागांची शीर्षकं, सगळी चित्रं त्यांच्या खालच्या मजकुरासकट आणि समारोप. बस. मी हे मुलुंड ते घाटकोपर करते, स्लो गाडीत सतराएक मिनिटं, बहुतेकदा उभ्याने. घाटकोपर येईपर्यंत तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: यांनी काय केलं, यांच्या आधी काय होतं आणि माझं यावाचून अडतंय का. अडत नसेल तर तो पेपर मी घाटकोपरला उतरवून टाकते. दहातले सहा-सात तिथेच उतरतात, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. नेटवर्कवाल्यांत एस. केशव यांनी २००७ साली सांगितलेली तीन फेऱ्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. माझी पहिली फेरी त्याच वळणाची, पण पुढे रस्ते फुटतात.

(गाडीत वाचणाऱ्यांचे आद्य पुरुष म्हणजे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये यायचे. त्यांना बसायला जागा मिळत असणार. मला चौथी सीट मिळाली तरी दिवस चांगला.)

आता गणित. इथे सिद्धता सगळ्यांत शेवटी वाचायची. आधी मुख्य प्रमेय शोधा आणि ते वहीत आपल्या हाताने उतरवून काढा. मोबाइलने फोटो काढून भागत नाही. फोटो काढताना 'प्रत्येक' आणि 'काही' यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही, लिहिताना हाताला जाणवतो. मग प्रमेयातली एकेक अट अधोरेखित करा. मग जमेल तितकं लहान उदाहरण घेऊन प्रमेय खरं आहे का ते हाताने करून पाहा. आणि मग एकेक अट काढून टाका. काय मोडतं ते बघा.

भाचीला हे पटेना, म्हणून मी तिला आधी कापरेकरांच्या संख्येवर बसवलं. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले आणि देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. विधान असं: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही.

तिने ३५२४ घेतला. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन पायऱ्यांत काम झालं. "बरोबर आहे की," म्हणाली आणि पेन ठेवायला निघाली. मी म्हटलं, थांब, आता २१११ घे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. प्रमेय मोडलं!

मोडलं नव्हतं. ९९९ हे ०९९९ असं लिहायला हवं होतं, चार घरं राखून. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. विधानात 'चार अंकी' असं सरळ लिहिलेलं, पण वजाबाकीनंतर पुढचं शून्य धरायचं ही अट त्या शब्दांत लपून बसलेली. पेपरात अशा लपलेल्या अटी व्याख्यांच्या परिच्छेदात असतात, 'या लेखात सर्व वलये अमुक प्रकारची समजावीत' अशा एका ओळीत, आणि ती ओळ आपण हमखास गाळतो.

मग उघड अटी हलवल्या. चारही अंक सारखे घेतले की पहिल्याच फटक्यात शून्य. चारऐवजी तीन अंक घेतले तर ४९५ वर गाडी थांबते. दोन घेतले तर थांबतच नाही: ०९ वरून ८१, मग ६३, मग २७, मग ४५ आणि पुन्हा ०९, गोल गोल. पाच अंकांनाही असा एक मुक्काम नाही, तिथेही फेरेच. म्हणजे 'चार' हा शब्द शोभेचा नव्हता. अर्ध्या तासात तिला त्या प्रमेयाबद्दल जे कळलं ते नुसतं वाचून कळलं नसतं.

मग तिचा खरा पेपर काढला. त्यात अट होती, 'विषम मूळ संख्या घ्या'. २ ला का वगळलं? तिने ३ घेऊन केलं, ५ घेऊन केलं आणि मग मुद्दाम २ घालून सिद्धतेतून चालत गेली. अकराव्या पानावर ठेच लागली. तिथे एका ओळीत सहज जाता जाता दोनाने भागलं होतं, आणि दोनाने भागून फक्त बाकी धरायच्या हिशेबात दोन म्हणजेच शून्य, मग तिथे दोनाने भागणार कसं? पेपराची मेख अकराव्या पानावर होती आणि बाई दुसऱ्या पानावर हायलायटर फिरवत बसल्या होत्या.

सिद्धता वाचायची तीही उलटी. मुख्य प्रमेय कुठल्या लेमांवर, म्हणजे वाटेतल्या छोट्या मदतनीस प्रमेयांवर, उभं आहे, ते लेमा कशावर, असा बाणांचा नकाशा एका कागदावर काढा. ज्या लेमाकडे सगळ्यांत जास्त बाण येतात तो आधी वाचा. आणि 'उघड आहे', 'सहज पडताळता येईल' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे समासात त्रिकोण काढा. गणितज्ञांचं 'उघड' हे आपलं अर्धं पान असतं. एका त्रिकोणाला एक संध्याकाळ धरून चाला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवायची रीत दिली तेव्हा त्यांचा मसुदा नऊ पानांचा होता, आणि तो रीतसर छापून यायला २००४ उजाडलं. नऊ पानं. त्यामुळे ३१ पानांना महिना लागला तर कुणी तुम्हाला मठ्ठ म्हणणार नाही.

नाव मोठं म्हणून खुंटा हलवायचं टाळू नका. त्याच कोसंबींनी १९५९ साली रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे मूळ संख्यांशी निगडित अजून न सुटलेल्या कोड्याची, सिद्धता दिल्याचा दावा केला होता, तोही कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. माणूस किती मोठा होता हे आपल्याकडे नव्याने सांगायला नको. पेपर पेपरच्या जागी.

आता माझा विषय, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. सेमीकंडक्टरच्या पेपरात आधी आलेख वाचायचा, मजकूर मागाहून. आलेखातही रेषेकडे बघायच्या आधी अक्षांकडे बघा. मी विद्यार्थ्यांना अक्षावर खरोखर बोट ठेवायला लावते. काय मोजलंय, एकक काय आणि पट्टी सरळ आहे की लॉगची? सारख्या अंतरावर १, १०, १०० असे आकडे असतील तर ती लॉगची. तिथे दोन ठिपक्यांत बोटभर अंतर दिसलं तर प्रत्यक्षात दहापट फरक असू शकतो, आणि लेखक मजकुरात त्यालाच 'चांगली जुळणी' म्हणून मोकळे होतात.

अक्ष झाले की पुढचा प्रश्न: हे मोजलं कसं? माझा सगळा खुंटा इथे आहे, आणि हे मी पोळून शिकले. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मला एका पातळ थराचा रोध मोजायचा होता. पेपरात १२ ओहमच्या आसपास होता, मला ६० च्या वर येत होता. तीन महिने. थर पुन्हा पुन्हा बनवला, भट्टीचं तापमान बदललं, रसायनांची नवी बाटली फोडली, मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली. शेवटी प्रयोगशाळेतल्या टेक्निशियन काकांनी माझी जोडणी बघितली आणि म्हणाले, "बाळ, दोन तारांनी मोजतेस? पेपरवाल्यांनी किती तारा लावल्यात?"

चार. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी ते शंभरदा ओलांडून गेले होते.

दोन तारांनी मोजताना ज्या तारांतून वीज जाते त्यांच्यातच आपण व्होल्टेजही मोजतो, त्यामुळे तारांचा आणि जिथे तार थराला टेकते त्या सांध्याचा रोध आपल्या उत्तरात मिसळतो. चार तारांत बाहेरच्या दोघींतून वीज पाठवायची आणि आतल्या दोघींत फक्त व्होल्टेज वाचायचं. आतल्या तारांतून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांच्या सांध्याचा रोध हिशेबात येत नाही. माझा थर पहिल्या आठवड्यापासून ठीक होता. मी तीन महिने सांधे मोजत होते.

तेव्हापासून मी पेपरातली 'प्रयोगपद्धती' सगळ्यांत सावकाश वाचते. उजेडात मोजलं की अंधारात? सेमीकंडक्टरच्या डायोडवर नुसती ट्यूबलाइट पडली तरी उलट्या दिशेचा गळती-प्रवाह वाढतो. तापमान किती? पेपरात ३०० केल्विन लिहिलेलं असतं, म्हणजे २७ अंश सेल्सियस. मे महिन्यात एसी बंद पडला की आमच्या खोलीत ३४ असतं. सिलिकॉनच्या डायोडचा गळती-प्रवाह साधारण दर दहा अंशांना दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे सात अंशांत तो दीडपटीच्या वर गेला. आणि जुलैतली हवा? नमुन्याच्या पृष्ठभागावर ओल धरते आणि त्या ओलीतूनच वीज सरकते. परदेशातल्या कोरड्या खोलीत मोजलेला आकडा मुंबईच्या पावसाळ्यात जुळला नाही, तर आधी सिलिका जेल बदला, मग स्वतःला दोष द्या.

काही आकडे तोंडपाठ ठेवले तर निम्मी परीक्षा गाडीतच होते. सिलिकॉनची ऊर्जापट्ट्यांमधली फट (बँड गॅप) १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, गॅलियम आर्सेनाइडची १.४२, गॅलियम नायट्राइडची ३.४. १२४० ला या आकड्याने भागलं की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: सिलिकॉनला ११०० च्या थोडं वर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, आणि गॅलियम नायट्राइडला ३६५, म्हणजे अतिनील. कुणी शुद्ध गॅलियम नायट्राइडच्या पट्ट्यापासून थेट हिरवा प्रकाश मिळाला म्हणत असेल तर त्यात इंडियम घातलंय की स्फटिकातल्या दोषांचा उजेड आहे, ते शोधायचं. दुसरा आकडा ६०. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये खोलीच्या तापमानाला प्रवाह दहापट वाढवायला गेटवर किमान ६० मिलिव्होल्ट लागतात. इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेच्या वाटपातून आलेली ती मर्यादा आहे, कारागिरीने ती ओलांडता येत नाही. पेपरात ४० दिसले तर दोनच शक्यता: यंत्रणाच वेगळी आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन बोगद्याने जाताहेत वगैरे, नाहीतर मोजण्यात घोळ आहे. दोन्ही बाबतींत पेपर घाटकोपरला उतरवायचा नाही.

किती नमुने मोजले हेही बघा. सौर घटांच्या पेपरात सगळ्यांत चांगल्या घटाला चॅम्पियन म्हणतात. शाळेने दहावीच्या निकालात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो छापावा तसं आहे ते. वर्गाची सरासरी विचारा. ती बहुतेक पुरवणीत असते. पुरवणी म्हणजे पेपरासोबत वेगळी जोडलेली फाइल. खरी पाककृती तिथेच असते, ती उघडल्याशिवाय प्रयोगाला हात घालू नका.

आणि गोंगाट. मोजलेल्या रेषेत बारीक थरथर हवीच. बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योन याचे पेपर २००१ च्या आसपास मोठमोठ्या नियतकालिकांत धडाधड येत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन वेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतली थरथर तंतोतंत सारखी आहे. निसर्ग एकच थरथर दोनदा देत नाही. चौकशी समितीने सप्टेंबर २००२ मध्ये २४ पैकी १६ आरोपांत गैरव्यवहार झाल्याचं सांगितलं. त्या पेपरांचा मजकूर जगातल्या हुशार माणसांनी वाचला होता. पकडलं गेलं ते रेषेच्या कडेवर.

पुतण्याच्या विषयात, नेटवर्कमध्ये, मी पाहुणी आहे, त्यामुळे त्याच्याकडून ऐकलेलं सांगते. त्याचा पहिला नियम: प्रकाशाचा वेग विसरू नका. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-दिल्ली सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटर धरा. जाऊन-येऊन २३००, म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद, तेही केबल सरळ टाकलेली असेल आणि वाटेत कुणीच थांबवत नसेल तर. दिल्लीच्या सर्व्हरचं उत्तर मुंबईत पाच मिलिसेकंदांत आलं असं कुठे लिहिलं असेल, तर ते उत्तर दिल्लीहून आलेलं नाही. वाटेतल्या कुठल्या तरी साठ्यातून आलंय. वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलींनाही हाच हिशेब.

दुसरा नियम, सरासरीवर विश्वास ठेवू नका. हे लोकलने जाणाऱ्याला समजावावं लागत नाही. माझी मुलुंड ते सीएसएमटी सरासरी काढली तर तासाभराची येईल. त्या सरासरीत सायनला पाणी भरलं तो दिवस दिसणार नाही, आणि परीक्षेचे पेपर तपासायला नेमकं त्या दिवशीच पोचायचं असतं. म्हणून चांगला नेटवर्कचा पेपर शंभरातल्या ९९ व्या पाकिटाला (पाकीट म्हणजे डेटाचा छोटा तुकडा) किती वेळ लागला तेही सांगतो. तो आकडा गायब असेल तर का गायब आहे ते विचारा.

पण खुंटा तुलनेत. एका पेपरात दावा होता की आमची नवी रीत जुन्यापेक्षा कितीतरी पट वेगाने डेटा पाठवते. जुनी म्हणजे क्युबिक, डेटा किती वेगाने सोडायचा ते ठरवणारी रीत, जी २००६ पासून लिनक्समध्ये मुळातच बसवलेली आहे. पुतण्या जेवताना म्हणाला, "काकू, सगळं पटतंय, पण जुनी एवढी रडतेय का?" रात्री त्याने दोन जुने लॅपटॉप केबलने जोडले. लिनक्समध्ये नेटएम नावाचं साधन आहे, त्याने मुद्दाम उशीर घालता येतो, पाकिटं गाळता येतात. पेपरातल्यासारखी शंभरात एक पाकीट आंधळेपणाने गाळलं तर खरंच जुनी रीत रांगायला लागली, कारण पाकीट हरवलं की ती पुढे गर्दी आहे असं समजते आणि वेग उतरवते. मग त्याने गळती शून्य केली, उशीर तसाच ठेवला. दोघी जवळपास सारख्या धावल्या. तुलनेचा गडी आधीच लंगडा करून उभा केला होता. दावा खोटा नव्हता बरं का, गळक्या वायरलेस जोडणीवर तो खराही असेल. पण सारांशात 'गळक्या जोडणीवर' हे शब्द नव्हते. असे गाळलेले शब्द पेन्सिलीने सारांशात परत लिहायचे, ही आमच्या टेबलावरची रीत झाली आहे.

पाकीट हरवलं की वेग उतरवायचा, हा शहाणपणा कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आली. अंतर किती? चारशे यार्ड. म्हणजे साधारण ३६५ मीटर. दोन्ही बाजूंची यंत्रं हरवलेली पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि त्यानेच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्याच्या मुळाशी जाऊन १९८८ साली जो पेपर लिहिला तो नवख्यांनी जरूर वाचावा, कारण त्यात आधी दुखणं मोजलंय आणि मग औषध दिलंय. त्याच १९८६ साली आपल्याकडे एर्नेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं नेटवर्क, सुरू झालं. सुरुवातीच्या आठ संस्थांत मुंबईच्या दोन होत्या, जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअरची संस्था आणि पवईची आयआयटी.

पेपर मिळवायचे कुठून, हे थोडक्यात. गणित आणि पदार्थविज्ञानाचं बरंचसं अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतं, ते १९९१ पासून चालू आहे. तिथे एकाच पेपरच्या आवृत्त्या असतात, नेहमी शेवटची उघडा आणि आधीचीत काय चुकलं होतं तेही बघा, फार शिकायला मिळतं. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झालीय. सरकारी विद्यापीठात किंवा संस्थेत असाल तर ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत, ग्रंथपालांना लॉगिन विचारा. खाजगी कॉलेजातल्या मुलांनी ओळखीचा सरकारी कॉलेजातला मित्र शोधण्यापेक्षा लेखकालाच ईमेल करावा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आणि शोधगंगा, म्हणजे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा, विसरू नका. पेपरात सहा ओळींत गुंडाळलेली प्रयोगपद्धती त्याच माणसाच्या पीएच.डी. प्रबंधात तीस पानं असते, फसलेल्या प्रयत्नांसकट. 'तीन दिवसांत छापून देतो, फी एवढी' असे व्हॉट्सअ‍ॅप निरोप येतात तिथे छापायचं नाहीच, पण तिथलं वाचून त्यावर प्रकल्पही उभा करायचा नाही.

वाचून झालं की वहीत चार ओळी. मी शंभर पानी साधी वही वापरते, एका पेपरला अर्धं पान. दावा काय, खुंटा कुठे, मी तो कसा हलवला आणि काय हललं. चौथी ओळ कोरी राहिली तरी चालते, तिसरी कोरी असेल तर पेपर वाचलेला नाही असं धरायचं. माझ्या वहीत तशा अर्धवट नोंदी पुष्कळ आहेत, खोटं कशाला सांगू.

कधी कधी खुंटा खरोखर हलतो. भाचीला त्या ३१ पानांत, सतराव्या पानावर, एका बेरजेत चिन्ह चुकलेलं दिसलं. तीन वेळा करून पाहिलं, मला करायला लावलं, पुतण्याला करायला लावलं. मग लेखकाला ईमेल लिहायला बसली. पहिल्या मसुद्यात दोन परिच्छेद स्तुतीचे आणि एक स्वतःच्या मार्कांचा. ते सगळं काढायला लावलं. राहिलं ते एवढं: पान १७, ओळ ४, तुम्ही वजा घेतलंय, माझ्या हिशेबाने अधिक येतं, हिशेब सोबत जोडलाय, माझं कुठे चुकत असेल तर सांगाल का? खाली नाव आणि विभाग. नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. चिन्ह चुकलंय हे खरं, आभारी आहे, पण पुढच्या पायरीत वर्ग घेतलाय, त्यामुळे प्रमेयाला धक्का नाही.

प्रमेय बचावलं म्हणून बाई दोन दिवस रुसल्या होत्या. अर्काइव्हवर नवी आवृत्ती आली, त्यात वजाचं अधिक झालंय. आभारांत नाव नाही. ती अजून मधूनमधून उघडून बघते.